उजेड कुठनं येतोय?

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सिनेमाच्या तासाला मॅडमनी फळ्यावर तीन शब्दांच्या वर काही लिहिलं नाही. झोपडी. रात्र. कुत्रं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कुत्रं रडतंय. हा एक शॉट आहे. चौकट आखा आणि काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, कॅमेरा कुठं ठेवलाय एवढं मला कळलं पाहिजे."

आम्ही अकरा जण होतो. मी झोपडी बरोबर मधोमध काढली, वर चंद्र, शेजारी कुत्रं, आणि कुत्र्याच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात "ऊऊऊ". बहुतेकांनी असंच काहीसं काढलं होतं. मॅडम एकेक वही बघत फिरल्या. माझ्याजवळ आल्यावर त्यांनी फुग्यावर बोट ठेवलं. "हा सिनेमा मूकपट आहे. आवाज नाही. कुत्रं रडतंय हे दिसणार कसं?" आणि चंद्रावर बोट ठेवून, "झोपडीला दारं-खिडक्या सगळं दिसतंय. एवढा उजेड कुठनं येतोय?"

मला दोन्हींची उत्तरं देता आली नाहीत. पुढची दोन वर्षं मी ती शोधत होते असं म्हटलं तरी चालेल.

तास संपता संपता त्यांनी सांगितलं की हा शॉट खरोखर घेतला गेला होता, तोही आमच्याच कोल्हापुरात काम करणाऱ्या माणसाने. 1925 साली बाबुराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या तावडीत जमीन गेलेला शेतकरी गाव सोडून गिरणीत राबायला शहरात जातो, अशी गोष्ट. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. ज्यांनी तो बघितला त्यांच्या मनात ती काळोखातली झोपडी आणि ते रडणारं कुत्रं बसून राहिलं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. मूळ मूकपटाची प्रत आज बघायला मिळत नाही. म्हणजे आम्ही वहीत काढत होतो तो शॉट आमच्यापैकी कुणीच कधी बघणार नव्हतं.

मी रोज क्लासला जाताना खरी कॉर्नरवरून जायचे. तिथं कॅमेऱ्याचं स्मारक आहे. लहानपणापासून बघत आले होते, पण ते तिथं का आहे असं कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी सायकल लावून पहिल्यांदा थांबले.

हा विषय आमच्याकडे आला कसा ते सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात. माझी शाळा सीबीएसईची. अकरावी-बारावीला तिथं 'मास मीडिया स्टडीज' नावाचा कौशल्य विषय घेता येतो. लेखी 60 गुण, प्रात्यक्षिक 40. नावाप्रमाणे त्यात वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट सगळं येतं, सिनेमा हा त्यातला एक भाग. शिवाय लेखी परीक्षेत रोजगार कौशल्यांचा एक वेगळा विभाग असतो, त्यात संवाद, स्वतःचं नियोजन, संगणक, उद्योजकता, पर्यावरण असे धडे. मी इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि हा, असे पाच विषय घेतले.

घरी हे पचायला वेळ लागला. दहावीला 91 टक्के असताना सायन्स सोडायचं, आणि वर 'सिनेमा बघायचा' विषय. मामा तर संध्याकाळी खास त्यासाठी आला. पप्पा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवताना गप्प होते. आई म्हणाली, "पिच्चर घरात बघता येत नाही व्हय?" त्या वेळी माझ्याकडे तिला द्यायला नीट उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, घरात बघते तसं तिथं बघत नाहीत. शाळेत जाऊन पप्पा मॅडमना भेटले, अर्धा तास बोलले आणि येऊन फॉर्मवर सही केली. काय बोलणं झालं ते अजून सांगितलेलं नाही.

घरात बघतात आणि वर्गात बघतात यातला फरक मला पहिल्या मोठ्या गृहपाठात कळला. मॅडमनी एका मराठी सिनेमातला तीन मिनिटांचा प्रसंग दिला आणि त्याची शॉटची, म्हणजे कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या तुकड्यांची, यादी करायला सांगितली. वहीत पाच रकाने. शॉट क्रमांक, किती सेकंद, चौकटीत काय आणि किती जवळून, कॅमेरा हलतो की स्थिर, आवाज काय. सहावा रकाना 'अर्थ' असा मी स्वतःच आखला होता. तो त्यांनी खोडला. "पहिल्या सत्रात अर्थ लिहायचा नाही."

मला वाटलं तासाभराचं काम आहे. चार दिवस गेले. तीन मिनिटांत 41 शॉट निघाले. पहिल्यांदा मोजले तेव्हा 33 आले होते. दुसऱ्यांदा 38. म्हणजे आठ कट, एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागा, माझ्या डोळ्यांसमोरून गेले आणि मला ते दिसलेच नाहीत. मी आवाज बंद करून बघितलं, तेव्हा आणखी तीन सापडले. दोन माणसं बोलत असताना आवाज एका शॉटमधून पुढच्या शॉटवर सरकलेला असतो, बोलणं चालू असतं म्हणून कट जाणवतच नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवून विसरून गेले असते. आठ कट हुकल्यावर मात्र ते अंगात बसलं.

वर्गातल्या दोघांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांना कॅमेरा हातात हवा होता. त्यांचं म्हणणं मला समजायचं, पण माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. जो 41 शॉट मोजू शकत नाही, तो आपला एक शॉट कुठं संपवायचा हे ठरवणार कसा? या यादीपेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट मला दोन वर्षांत एकच भेटली, आणि ती शाळेत नव्हती.

आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. तरुणपणी त्यांनी कोल्हापुरातल्या एका थिएटरात ऑपरेटर म्हणून, म्हणजे सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचं, बरीच वर्षं काम केलं. सगळे त्यांना तात्याच म्हणतात, मीपण. आई सहज बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या विषयाचं तात्यांना विचार की." मी वही घेऊन गेले. त्यांना आधी पटेना की शाळेत असलं काही शिकवतात.

"परीक्षा असती काय याची?"

"असती तात्या. बोर्डाची."

मग ते उठले, कपाटावरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात फिल्मचे तुकडे होते, रीळ तुटलं की दुरुस्त करताना कापून टाकावे लागायचे ते. हातभर लांब, दोन बोटं रुंद. एक माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे धर म्हणाले. एकाखाली एक तीच बाई, तीच चौकट, फक्त हात किंचित वर, आणखी किंचित वर.

"एका फुटात सोळा चित्रं. सेकंदाला चोवीस जातात. आता सांग, तुझ्या हातात किती आहे?"

मी पट्टी मागितली. तुकडा दीड फुटाचा निघाला. चोवीस चित्रं. एक सेकंद माझ्या हातात होता, आणि मी तो खिडकीसमोर धरून उभी होते. मला वाटतं, या सगळ्या अभ्यासातला सर्वांत सुंदर क्षण तो.

नंतर मी त्यांच्याकडे दर रविवारी जायला लागले. ते हिशेब भराभर सांगायचे, मी लिहून घ्यायची. मिनिटाला नव्वद फूट. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांच्या आसपास चालतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, सुमारे चार किलोमीटर फिल्म. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसायचं त्यावरच्या रिळांच्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ऑपरेटरला तेवढे डबे मोजून घ्यावे लागायचे.

दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी. एकावर रीळ संपत आलं की दुसरा सुरू करायचा, आणि प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. त्यासाठी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. "अख्खं थिएटर हिरोकडं बघायचं, मी कोपऱ्याकडं बघायचो," असं तात्या म्हणाले. मशीनमध्ये उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळत कमी होत जायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं ठेवावं लागायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. मी विचारलं, तात्या, उजेड कुठनं येतोय हे तुम्ही सतत बघत होता म्हणजे? ते म्हणाले, "दुसरं काय काम होतं मला?"

हे मी वर्गात येऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी मला उभं करून सगळं फळ्यावर लिहायला लावलं. पुढच्या शनिवारी सगळ्यांना तात्यांच्या घरी नेलं. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

इतिहासाचा भाग मी नोट्समधून पाठ करून टाकला असता, नावं आणि सालं. पण मॅडमनी आमच्याच गावापासून सुरुवात केली, त्यामुळे ती नावं माणसांची वाटायला लागली. बाबुराव आणि आनंदराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे नात्यातले भाऊ. सिनेमा बघून त्यांना वाटलं, आपण काढायचा. परदेशी कॅमेरा परवडेना, तर स्वतः बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्येच गेले. बाबुरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, 1920 ला 'सैरंध्री' आला. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. हे वाचल्यावर मी पहिल्या आठवड्यातल्या माझ्या चित्राकडे परत गेले. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या त्या काळात हा माणूस दिवा कुठं लावायचा याचा विचार करत होता, आणि मी शंभर वर्षांनी चंद्र काढून मोकळी झाले होते.

त्याच कंपनीतून दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांना घेऊन 1 जून 1929 ला इथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. 1932 चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, त्यांचा. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिच्या त्या जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मला जिथं पुढं शिकायचं आहे ती जागा आमच्या गावातून उठून गेलेल्या माणसांनी उभी केली, हे कळल्यावर मी पप्पांना लगेच जाऊन सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणाले.

'अयोध्येचा राजा' आम्ही वर्गात बघितला. मॅडमनी आधी एवढंच सांगितलं की तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचं, साथही तिथंच कुठंतरी चौकटीबाहेर बसलेली. मग बघा. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे गाताना मी गाण्याकडे कमी आणि त्यांच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेकडे जास्त बघत होते. पेटी कुठं असेल? माइक कुठं लपवला असेल? जुना सिनेमा 'संथ' म्हणून आम्ही आधी पाच मिनिटांत बंद केला असता. तो तसा का आहे हे कळल्यावर वर्गात कुणी हललं नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही चौघांनी सहा मिनिटांची फिल्म केली. जागा गंगावेशीतला दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात, लोक उभ्या उभ्या धारोष्ण दूध पितात. गोष्ट साधी होती. एक मुलगी आजारी आजोबांसाठी ग्लासभर दूध घेऊन गर्दीतून घरी येते, आणि त्यावरचा फेस बसायच्या आत पोचायचं असं तिने ठरवलेलं असतं, कारण आजोबांना फेसाचं दूध आवडतं.

ही कल्पना मला फार आवडली होती, पण चित्रीकरणात आम्हाला छळलं ते त्या फेसानेच. तीन मिनिटांत तो खाली बसतो. आम्ही एक शॉट घ्यायचो, पुढच्या शॉटला तयार होईपर्यंत ग्लासात सपाट दूध. पहिल्या दिवसाचं सगळं जोडून बघितलं तर मुलगी कट्ट्यावरून निघताना फेस अर्धा, वळणावर शून्य आणि दारात पुन्हा काठोकाठ. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही क्रम बदलला. ग्लासाचे सगळे क्लोज-अप आधी, ताज्या धारेचे, एकामागून एक. चेहरे आणि चालणं नंतर, तेव्हा ग्लास चौकटीत येऊ द्यायचा नाही. धार काढणाऱ्या मामांनी आमच्यासाठी पाच वेळा ग्लास भरून दिला आणि पैसे दोनचेच घेतले.

उजेडही थोडाच वेळ मिळायचा. सूर्य गेल्यावर आणि दिवे लागायच्या मधली वीसएक मिनिटं आकाश निळं असतं आणि चेहरेही दिसतात. तेवढ्यासाठी आम्ही चार संध्याकाळी गेलो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या शॉटमध्ये मोबाइलवर पट्टे पळताना दिसायचे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळायचा वेळ, सेकंदाच्या एक-पन्नासांशावर ठेवायचं, हे मॅडमनी सांगितल्यावर पट्टे गेले. एकदा रेषाही ओलांडली, म्हणजे कॅमेऱ्याने चालणाऱ्याच्या एकाच बाजूला राहायचं हे विसरलो. मुलगी डावीकडून उजवीकडे चालत होती, आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन पुढचा शॉट घेतला, आणि जोडल्यावर ती परत कट्ट्याकडे निघाल्यासारखी दिसली. तो शॉट सुंदर होता. टाकून द्यावा लागला. मला रडू आलं होतं.

संवादांवरून वाद झाला. पटकथेत मी मुलीच्या तोंडी लिहिलं होतं, "आजोबा, मी आले." शूटिंगच्या आदल्या रात्री मोठ्याने वाचताना माझं मलाच ते खोटं वाटलं. आमच्याकडे बायका, मुली "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. मी घरात तसंच बोलते, लिहिताना मात्र हात आपोआप पुस्तकी होतो. एक मैत्रीण म्हणाली, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना चूक वाटेल. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझी आई काय म्हणते?" मी "आबा, मी आलो" असं लिहिलं. पूर्ण फिल्ममध्ये तेवढंच एक वाक्य आहे.

लेखी पेपर बरा गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्णन आधी, मत मागून, ही सवय लागलेली असल्यामुळे उत्तरं लिहिताना भरकटले नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी फाइल चाळली, फिल्म बघितली आणि विचारलं, "यातला एक शॉट काढायचा झाला तर कुठला काढाल?" आम्ही चौघांनी चार वेगळी उत्तरं दिली. ते हसले आणि म्हणाले, आता एकमेकांना पटवा. पुढची दहा मिनिटं आम्ही त्यांच्यासमोर भांडत होतो. परीक्षा आहे हे विसरूनच गेलो.

आता मी बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. इन्स्टिट्यूटच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, त्यामुळे अजून वेळ आहे. शाहू स्मारक भवनात सिनेमे दाखवतात तेव्हा जाते आणि अंधारात वही मांडीवर ठेवून रेघा ओढते, प्रत्येक कटला एक. झोपडीचं चित्र मी आजपर्यंत सहा वेळा काढलं आहे. सहाव्यात चंद्र नाही. दाराच्या फटीतून आतल्या चिमणीचा उजेड बाहेर येतो, आणि त्या उजेडात फक्त कुत्र्याची वर ताणलेली मान दिसते. मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग झोपडीत कोण जागं आहे?"

बारावीचा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तात्यांकडे गेले आणि त्यांना आमची फिल्म मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, सहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा बघताना चौथ्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

"हितं जोड आहे. चित्र बरोबर गेलंय, पण मागचा म्हशीचा आवाज तुटलाय."

आम्ही चौघांनी, मॅडमनी, परीक्षकांनी, कुणीच तो ऐकला नव्हता. मी हेडफोन लावून तीनदा ऐकल्यावर मला सापडला. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि कट्ट्यावर नुसता आवाज घेतलेली जुनी फाइल शोधून काढली. आई जेवायला हाक मारत होती. मी म्हटलं, "आलो आई, दोन मिनिटं," आणि म्हशीचं हंबरणं कटच्या पलीकडे नेऊन जोडलं.